पीएफची पेन्शन ५८ ला चालू करावी की ६० पर्यंत थांबावं?

रबाळे_मशीनशॉप:

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. ऐरोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत एका इंजिनीअरिंग कंपनीत जून १९९७ पासून आहे, एकच कंपनी एकच पीएफ नंबर. ऑगस्ट २०२६ अखेर मला ५८ पूर्ण होतायत पण आमच्याकडे रिटायरमेंट ६० ला आहे, म्हणजे अजून दोन वर्षं नोकरी आणि पगार दोन्ही चालू राहणार. आता ईपीएस ९५ ची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन ५८ लाच चालू करून घ्यायची की ६० पर्यंत पुढे ढकलायची हे ठरत नाहीये. युनियनमधले एक जण म्हणतात थांब, वर्षाला ४ टक्के वाढवून मिळतात, पगार चालू असताना घाई कशाला. शिफ्टमधले दुसरे म्हणतात जे मिळतंय ते आधी पदरात पाडून घे. बाहेर एका कन्सल्टंटला विचारलं तर त्याने कागदावर १५,००० गुणिले ३१ भागिले ७० करून ६,६४३ रुपये बसेल असं सांगितलं, त्यात २९ वर्षं माझी आणि २ बोनसची.

घरचं सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. बायको ५२ ची, घर सांभाळते, तिला स्वतःचं असं उत्पन्न नाही. मुलगा नोकरीला लागलाय, मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. घराचे हप्ते संपलेत. मला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत, बाकी ठीक. वडील ६९ ला गेले पण आई ८६ ची आहे, गावी खेडला अजून स्वतःची भाकरी स्वतः थापते, त्यामुळे मी किती जगेन हे धरून हिशोब करायचा तर तो कसा करायचा तेच कळत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

पेरोल_महापे:

दादा, मी महापेला एका कंपनीत पेरोल बघते, पीएफचं काम रोजचंच आहे. आधी ते ६,६४३ डोक्यातून काढून टाका, कारण त्या आकड्यावर निर्णय घेतलात तर पुढचं सगळंच चुकेल.

कसं आहे, पेन्शन म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार कितीही असला तरी त्यात एका मर्यादेपर्यंतच धरतात आणि ती मर्यादा १५,००० झाली ती १ सप्टेंबर २०१४ पासून. त्याआधी ती ६,५०० होती. आणि २०१४ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे की त्या तारखेआधीची नोकरी जास्तीत जास्त ६,५०० ने मोजायची आणि नंतरची जास्तीत जास्त १५,००० ने. तुमची ऑगस्ट २०१४ पर्यंतची १७ वर्षं होतात, म्हणजे ६,५०० गुणिले १७ भागिले ७०, आले १,५७८. पुढची १२ वर्षं १५,००० ने, आले २,५७१. बेरीज साधारण ४,१५०. वीस वर्षांच्या वर नोकरी असल्याने २ वर्षं बोनसची मिळतील, ती धरून साडेचार हजाराच्या आसपास. पुढे सगळीकडे मी ४,५०० धरते. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीचा जो नियम आहे त्याने तुम्हाला काही फरक पडत नाही कारण तुमचा पगार गेली कित्येक वर्षं मर्यादेच्या वरच असणार.

आता ५८ की ६०. नोकरी चालू असतानाही ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शन घेता येते, त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. ढकलायची तर दोन प्रकार आहेत आणि लोक नेमके हे दोन एकत्र करून गोंधळ घालतात. एक म्हणजे नुसतं थांबायचं, पेन्शन फंडात पुढे काही भरायचं नाही. तेव्हा दोन वर्षांचे मिळून ८.१६ टक्के वाढतात, ४,५०० चे होतात ४,८६७. म्हणजे महिना ३६७ रुपये जास्त मिळावेत म्हणून तुम्ही २४ महिन्यांचे १,०८,००० सोडून देताय. ते ३६७ ने भरून यायला साडेचोवीस वर्षं लागतात आणि ती ६० पासून मोजायची, म्हणजे तुम्ही साडेचौऱ्याऐंशीचे व्हाल तेव्हा बरोबरी. त्यात व्याज धरलेलंच नाही. माझ्या मते हा पर्याय कुणीच घेऊ नये.

दुसरा प्रकार थांबायचं आणि भरतही राहायचं. त्याचं गणित जरा वेगळं आहे, रात्री लिहिते, आत्ता चलन भरायचंय.

वर्तकनगरचे_आजोबा:

मी ठाण्यात वर्तकनगरला असतो. वागळे इस्टेटमधली आमची कंपनी बंद पडली तेव्हा मी ५४ चा होतो, २०११ साल. दुसरी नोकरी मिळायची आशा नव्हती, मुलीचं लग्न तोंडावर होतं म्हणून लवकरची पेन्शन घेतली. पन्नाशीनंतर नोकरी सुटली असेल तर ती घेता येते पण ५८ ला जेवढी वर्षं कमी असतील त्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापतात आणि कापलेलं परत जोडत नाहीत, ५८ झाले म्हणून पूर्ण पेन्शन चालू होईल असं काही जण समजतात तसं होत नाही. मला १,९०० च्या थोडी वर बसली.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. २०११ ला जी रक्कम खात्यात पडली तीच आजही पडते. एक रुपया वाढला नाही. सरकारी माणसाला महागाई भत्ता असतो, आपल्या ईपीएसला महागाईशी काही देणंघेणंच नाही. तेव्हा गॅसचा सिलिंडर चारशेच्या आसपास होता, आज दुपटीच्या वर गेलाय. पहिली दोन-तीन वर्षं त्या पैशात आमचं लाइट बिल, दूध आणि गॅस निघायचा. आता निम्मा महिना दुधातच संपतो. म्हणून माझं म्हणणं, ही पेन्शन आज जेवढ्या कामाची आहे तेवढी पुढे कधीच नसणार, साठाव्या वर्षी मिळणारे जास्तीचे तीनशे-चारशे पंच्याहत्तरीला किती उरतील याचा विचार करा. किमान पेन्शन १,००० ची ७,५०० करा म्हणून किती वर्षं आंदोलनं चालू आहेत, आम्हीही जाऊन बसलोय, पण होईल तेव्हा होईल. त्याच्या भरवशावर आजचं सोडू नका.

नेरूळ_सेक्टर२०:

मी थोडा वेगळ्या बाजूने बोलतो. वर सगळे नवऱ्याच्या वयाचा हिशोब करतायत पण पेन्शन नवऱ्याबरोबर संपत नाही. तुमच्या मागे वहिनींना साधारण निम्मी पेन्शन आयुष्यभर मिळणार आणि वहिनी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत, बायका जगतातही जास्त, तुमच्या आईचंच उदाहरण आहे. म्हणजे ही पेन्शन कदाचित तीस-पस्तीस वर्षं कुणा ना कुणाला मिळणार आहे. इतक्या लांबच्या हिशोबात मूळ आकडा जितका मोठा तितकं चांगलं.

आणि भरत राहून थांबलात तर सेवेची दोन वर्षंही वाढतात. २ वर्षांचे १५,००० ने ४२८ वाढले, झाले ४,९२८ आणि त्यावर ८.१६ टक्के म्हणजे ५,३३० च्या आसपास. महिना ८३० जास्त, ही काही छोटी गोष्ट नाही. शिवाय आता पगार चालू आहे तर साडेचार हजार महिन्याला आले काय नि नाही आले काय, मुलांच्या मोबाइलमध्ये नि हॉटेलात जाणार. माझ्या मेव्हण्याने ५८ ला चालू केली, आज त्यातलं काही शिल्लक नाही. जो पैसा हातात येतच नाही तो खर्चही होत नाही. आणि मर्यादा १५,००० वरून वाढणार म्हणून चर्चा चालू आहे, वाढली तर थांबणाऱ्याचाच फायदा.

पेरोल_महापे:

नेरूळवाले दादा, तुमचा ५,३३० चा आकडा बरोबर आहे आणि वहिनींचा मुद्दा तर सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो आधी यायला हवा होता. पण त्याच मुद्द्यावरून मी उलट्या निष्कर्षाला येते, बघा पटतंय का.

भरत राहिलं तर सुटतात फक्त १,०८,००० नाही. ५८ नंतर पेन्शनचा भरणा थांबला की मालकाच्या हिश्श्यातून दर महिन्याला पेन्शन फंडात जाणारे १,२५० रुपये पण पीएफमध्येच जमा व्हायला लागतात, आणि ते पैसे तुमचे स्वतःचे असतात. थांबलात तर ते दोन वर्षं पेन्शन फंडात जाणार, म्हणजे आणखी ३०,०००. एकूण सोडले १,३८,००० आणि मिळाले महिना ८३०. नुसत्या भागाकाराने बरोबरी व्हायला १६६ महिने, म्हणजे तुमची चौऱ्याहत्तरी. नुसतं थांबण्यापेक्षा हे खूपच बरं आहे यात वाद नाही.

पण आता हेच १,३८,००० हातात आहेत असं समजा आणि पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाका. सध्याच्या ७.४ टक्क्याने महिन्याला ८५० रुपये येतात. ८३० पेक्षा वीस जास्तच. आणि मुद्दल जागेवर. उद्या दादा नसतील तर वाढीव पेन्शनमधून वहिनींना ८३० चे निम्मे ४१५ मिळणार, पोस्टातून मात्र पूर्ण ८५० आणि वर मुद्दल त्यांच्या नावावर. दोघांच्याही नंतर पेन्शन फंड मुलांना काही परत करत नाही, अपवाद २५ च्या आतली मुलं, पोस्टातले पैसे मात्र मुलांचे. व्याजदर खाली-वर होतो हे मान्य, पाच वर्षांनी खातं परत काढावं लागेल आणि तेव्हा दर कमीही असेल, पण दर बराच खाली गेला तरी मुद्दल गाठीशी असण्याची किंमत राहतेच. म्हणून मी म्हणते ज्या माणसाला वहिनींची काळजी आहे त्याने तर ५८ लाच घ्यावी.

पैसे खर्च होतात या तुमच्या बोलण्याला मात्र माझ्याकडे गणितात उत्तर नाही, तुम्ही म्हणता तसं होतंच. त्यावर एकच उपाय, पेन्शन ज्या खात्यात येणार ते पगाराचं नको, वेगळं काढा आणि पहिल्या महिन्यापासून तिथूनच आवर्ती ठेव लावा. वहिनींना जॉइंट घ्या. पगारावर घर चालतंय तोपर्यंत त्या खात्याचं कार्ड घरात ठेवायचंच नाही.

मर्यादा वाढण्याबद्दल. २०१४ ला वाढली तेव्हा काय झालं ते वर लिहिलंय, जुनी वर्षं जुन्या मर्यादेनेच मोजली गेली. पुन्हा तसंच झालं तर दादांच्या शेवटच्या काही महिन्यांपुरताच फायदा, त्यासाठी लाखभर रुपये अडकवून बसण्यात अर्थ नाही. ज्यांची नोकरीची पंधरा-वीस वर्षं शिल्लक आहेत त्यांना फरक पडेल.

टॅक्सचं पण कुणीतरी विचारेल म्हणून, पेन्शन उत्पन्नात धरली जाते पण नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो, मशीन शॉपच्या पगारात साडेचार हजार मिळवून तिकडे काही फरक पडणार नाही.

घणसोली_लेक:

मध्येच विचारते माफ करा, बाबांचं ५८ पूर्ण झालंय, दोन ठिकाणी सिक्युरिटीत होते, एक ठाण्यात एक तुर्भ्याला, दोन्ही मिळून ९ वर्षं ७ महिने भरतात. सगळे म्हणतात दहा वर्षं झाली नाहीत तर पेन्शन मिळत नाही, पैसे काढून घ्या. काढायचे का?

पेरोल_महापे:

अजिबात काढू नका ताई! सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे ९ वर्षं ७ महिने म्हणजे १० वर्षं. बाबा पेन्शनला पात्र आहेत. फक्त पहिल्या ठिकाणची सेवा दुसऱ्या खात्यात ट्रान्सफर झालीय का ते बघा आणि पहिली नोकरी सोडताना त्यांनी १०सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले नव्हते ना हे नक्की करा, काढले असतील तर तेवढी वर्षं गेली. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत दोन्ही कंपन्या आल्या पाहिजेत. रजा-गैरहजेरीचे बिनपगारी दिवसही वजा होतात आणि तुमचं गणित काठावरचं आहे, म्हणून ते आधी मोजा. ५८ होऊन गेलेत त्याची काळजी नको, पुढे ढकलतो असं लिहून दिलं नसेल तर पेन्शन ५८ पूर्ण झाल्या दिवसापासून धरतात आणि मधली थकबाकी मिळते.

घणसोली_लेक:

खूप खूप धन्यवाद ताई. फॉर्म भरून ठेवला होता काढायचा. बाबांना आत्ताच फोन करते.

रबाळे_मशीनशॉप:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी समोर बसूनही सांगितलं नव्हतं. बायकोला सगळं वाचून दाखवलं. पोस्टातल्या मुद्दलाचा मुद्दा तिला लगेच पटला, म्हणाली माझ्या नावावर काहीतरी असू दे. नेरूळवाल्या दादांचं खर्चाचं म्हणणं पण तिने उचलून धरलं, त्यामुळे वेगळं खातं काढायचं ठरलंय, ऐरोली स्टेशनजवळच्या बँकेत.

म्हणजे ५८ ला घ्यायची हे नक्की. आता कागदपत्रांचं. पासबुक काढून बघितलं तर दोन गोष्टी दिसल्या. २००३ ला आमच्याकडे टाळेबंदी होती काही महिने, त्या काळात भरणाच नाही. आणि बायकोचं नाव पीएफच्या नॉमिनेशनमध्ये लग्नानंतरचं आहे पण आधारवर अजून माहेरचं आडनाव आहे. याने अडेल का?

पेरोल_महापे:

टाळेबंदीचे महिने बिनभरण्याचे म्हणून वजा होतील, सेवा त्या हिशोबाने थोडी कमी धरा, पेन्शनमध्ये फार तर पन्नासेक रुपयांचा फरक पडेल. ५८ की ६० चं गणित त्याने बदलत नाही.

आडनावाचं मात्र आजच हातात घ्या. हे आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तुमची पेन्शन कदाचित चालूही होईल, अडेल ती वहिनींची, तुम्ही नसताना, जेव्हा त्यांना धावपळ करायला कुणी नसेल तेव्हा. मी गेल्या वर्षी एका ऑपरेटरच्या बायकोची फाईल बघितली, नवरा जाऊन वर्ष झालं होतं, नॉमिनेशनमध्ये एक नाव, आधारला दुसरं, बँकेत तिसरं, मधलं नाव कुठे वडिलांचं कुठे नवऱ्याचं. बाई प्रत्येक वेळी एक नवीन प्रतिज्ञापत्र घेऊन यायची. म्हणून आधी आधार दुरुस्त करा, लग्नाचा दाखला लागेल, नसेल तर नवी मुंबई महापालिकेत विवाह नोंदणी करून घ्या, आताही होते. मग बँक, मग पोर्टलवर ई-नॉमिनेशन नव्याने भरा, त्यात मुलीचंही नाव जन्मतारखेसकट टाका, ती २५ ची होईपर्यंत कुटुंबाच्या पेन्शनमध्ये तिचाही हक्क आहे. तुमची स्वतःची जन्मतारीख आधारला आणि पीएफला एकच आहे ना तेही बघा, नसेल तर कंपनीमार्फत जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे तुमचा आणि कंपनीचा मिळून दुरुस्तीचा अर्ज, आणि त्याला वेळ लागतो.

अजून एक, सप्टेंबरच्या पगारापासून पासबुकातला शेवटचा, पेन्शनचा रकाना शून्य झाला पाहिजे आणि ते १,२५० पीएफच्या रकान्यात आले पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख नीट नसते आणि भरणा तसाच पेन्शनला जात राहतो, मग क्लेम अडकतो आणि पैसे परत वळवण्यात महिने जातात. तुमच्या टाइम ऑफिसला जुलैमध्येच लेखी सांगून ठेवा.

वर्तकनगरचे_आजोबा:

चांगलं केलंत. एक माझ्याकडून, पेन्शन चालू झाली की वर्षाला हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो नोव्हेंबरलाच द्यायचा असं काही नाही, ज्या दिवशी दिलात तिथून बारा महिने चालतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, माझा नातू करून देतो. आणि २०२५ च्या जानेवारीपासून पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, उद्या खेडला राहायला गेलात तरी खातं बदलायची गरज नाही. आईंना नमस्कार सांगा.

रबाळे_मशीनशॉप:

सांगतो काका. आणि १०डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, कधी भरायचा, ५८ व्हायच्या आधी भरून ठेवला तर चालतो का?

पेरोल_महापे:

आमच्याकडे आम्ही ऑगस्टचा भरणा पासबुकात दिसल्यावर भरतो. ऑगस्टचं चलन १५ सप्टेंबरपर्यंत जातं, त्यानंतर नोंद आली की पोर्टलवरून १०डी टाका. बायकोबरोबरचा जोड फोटो, नवीन खात्याचा रद्द केलेला चेक आणि मुलीचा जन्मदाखला स्कॅन करून आधीच तयार ठेवा.